कळ ज्याची, कळ त्यानेच दाबायची

ताई, नमस्कार. जिल्ह्याच्या गावातल्या ८० खाटांच्या खाजगी रुग्णालयात मी सर्जिकल वॉर्डची इनचार्ज आहे. गेल्या महिन्यात आमच्याकडे तीन पीसीए पंप आले, ऑपरेशननंतर पेशंटने स्वतः बटण दाबून मॉर्फीन, म्हणजे दुखण्यावरचं कडक औषध, घ्यायचे. कंपनीचा माणूस येऊन ४० मिनिटं डेमो देऊन गेला. निम्म्या मुली तेव्हा ड्युटीवरच नव्हत्या. आता मेट्रन मॅडम म्हणतात, २२ जणींच्या नावापुढे ‘प्रशिक्षित’ लिहून सही करा, तपासणी आहे. परवा रात्री एका आजींचा मुलगा उशाशी बसून दर पाच-दहा मिनिटांनी बटण दाबत होता. ‘आई झोपेत कण्हत होती, बघवेना’ म्हणाला. आजींना काही झालं नाही, पण मला तेव्हापासून धड झोप नाही. मुलींना शिकवायचं कसं? आणि सही करू का?
एक इनचार्ज सिस्टर

सिस्टर,

आधी सहीचं. करू नका. मेट्रन मॅडमशी भांडायची गरज नाही, पण जे आपण पाहिलं नाही त्यावर सही करायचीही गरज नाही. रजिस्टरमध्ये दोन रकाने आखा. पहिला ‘डेमो पाहिला’. त्यात त्या दिवशी हजर असलेल्यांची नावं आणि तारीख. दुसरा ‘पंप स्वतः लावून दाखवला’. तो सध्या कोरा. हे रजिस्टर घेऊन मॅडमकडे जा आणि दुसरा रकाना भरायला सहा आठवडे मागून घ्या. तपासणीला येणारी माणसं नुसते कागद चाळून जात नाहीत. वॉर्डातल्या एखाद्या मुलीला बाजूला घेऊन ‘हा पंप थांबवून दाखवा’ असंही म्हणतात. कागदावर ‘प्रशिक्षित’ असलेली मुलगी तिथे गोंधळली, तर कोऱ्या रकान्यापेक्षा ते कितीतरी वाईट दिसतं. मॅडमनाही हे ठाऊक असणार, त्यांच्यासमोर कुणी बोललेलं नसेल इतकंच.

आता त्या मुलाकडे येते, कारण तुम्हाला जे शिकवायचं आहे ते बरंचसं त्याच्या त्या बोटात आहे.

आपण दुखण्यालाही कळ म्हणतो आणि बटणालाही. पीसीए शिकवताना मी पहिल्या दिवशी फळ्यावर हेच लिहायची: कळ ज्याची, कळ त्यानेच दाबायची. मुली हसायच्या आणि लक्षात ठेवायच्या. पण असं का, हे विचारलं की उत्तर ठरलेलं, ‘जास्त डोस जाईल म्हणून.’ मग मी त्यांना अडवायची. जास्त कसा जाईल? लॉकआउट आहे, म्हणजे एक डोस गेला की ठरलेली मिनिटं बटण दाबूनही काही जात नाही. चार तासांत जाणाऱ्या औषधालाही कमाल मर्यादा आहे. मुलाने शंभर वेळा दाबलं तरी यंत्र ठरलेल्यापेक्षा थेंबभर जास्त देणार नाही. मग भीती कसली?

हिशेब करून बघा. १ मिलिग्रॅमचा डोस आणि ६ मिनिटांचा लॉकआउट, हे मोठ्या माणसाचं नेहमीचं सेटिंग धरू. तासाला दहा डोस, म्हणजे १० मिलिग्रॅम मॉर्फीन शिरेतून. सत्तरीच्या, पंचेचाळीस किलोच्या आजींना तासाला १० मिलिग्रॅम चालू ठेवा, असं कुठला भूलतज्ज्ञ लिहून देईल? तरीही असं सेटिंग जगभर चालतं, कारण स्वतः दाबणारा माणूस त्या कमाल आकड्यापर्यंत सहसा पोचतच नाही. दुखणं सोसवेल इतकं कमी झालं की तो थांबतो. औषध थोडं जास्त झालं की पेंगतो, आणि पेंगलेला हात बटण दाबत नाही. मग तासाभरात औषध उतरतं, जाग येते, पुन्हा दाबतो. हे वर्तुळ म्हणजे पंपाचा खरा ब्रेक आहे, आणि तो पेशंटच्या शरीरात आहे. तुमच्या त्या मुलाने, आईच्या मायेपोटी का होईना, नेमका तोच काढून टाकला होता. आजी झोपल्या होत्या आणि डोस चालूच होते.

अमेरिकेत रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनने डिसेंबर २००४ मध्ये या एकाच गोष्टीवर इशारा काढला होता: पेशंटच्या वतीने दुसऱ्याने बटण दाबणं. त्यात नातेवाईक होते तसे आपल्यातलेही होते. राउंडला जाता जाता ‘काय आजी, दाबलं की नाही?’ म्हणत स्वतःच बटण दाबून पुढे जाणाऱ्या सिस्टर मी आपल्याकडेही पाहिल्या आहेत. तेव्हा नातेवाइकांना बोलायच्या आधी हे आपल्या मुलींना सांगा.

पहिल्या दिवशी एवढं एक वर्तुळ त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं, की पुढचं सगळं त्यालाच जोडून शिकवता येतं. चुका शेकडो प्रकारच्या होतात, पण प्रत्येक चूक हे वर्तुळ कुठेतरी तोडते.

कंपनीच्या माणसाने यंत्र शिकवलं, ते त्याचं काम होतं. तुम्ही औषधापासून सुरुवात करा. शिरेतून दिलेल्या मॉर्फीनचा पूर्ण परिणाम दिसायला १५ ते २० मिनिटं लागतात आणि लॉकआउट असतो ५ ते १० मिनिटांचा. म्हणजे पहिला डोस पुरता चढायच्या आत दुसरा, कधी तिसराही, आत गेलेला असतो. ‘आत्ताच तर बोलत होत्या हो’ हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल, ते यामुळे. मूत्रपिंडं नीट चालत नसतील तर मॉर्फीनपासून शरीरात तयार होणारे घटक साठत जातात आणि गुंगी तासन्‌तास लांबते. म्हणून क्रिएटिनिन वाढलेला पेशंट, वयस्कर पेशंट, जाड मानेचा आणि रात्री घोरता घोरता मध्येच श्वास थांबणारा पेशंट, ही नावं फळ्यावर वेगळ्या रंगात हवीत. घोरण्याबद्दल पेशंटला विचारून उपयोग नाही, बायकोला विचारा.

पंपावर आणखी एक रकाना असतो, बटण न दाबताही सतत चालू राहणाऱ्या डोसचा. मॉर्फीनची सवय नसलेल्या, ताज्या ऑपरेशनच्या पेशंटला तिथे शून्य. तो दर चालू असेल तर पेशंट झोपला तरी औषध जातच राहणार, म्हणजे वर्तुळ तुटलं. रिकामा रकाना दिसला की भरून टाकायची आपल्याला खोड असते, म्हणून हे निक्षून सांगावं लागतं. कॅन्सरचे, महिनोन्‌महिने मॉर्फीनवर असलेले पेशंट वेगळे. त्यांचं भूलतज्ज्ञ किंवा पॅलिएटिव्हचे डॉक्टर ठरवतील.

आता सिरिंज. इथे जरा रेंगाळते, कारण इथे एक भानगड आहे. आपल्याकडे मॉर्फीनच्या १ मिलिलिटरच्या अँप्युल दोन ताकदींच्या येतात, १० मिलिग्रॅमची आणि १५ मिलिग्रॅमची. दिसायला जवळपास सारख्या. ५० मिलिलिटरच्या सिरिंजमध्ये १ मिलिलिटरला १ मिलिग्रॅम असं मिश्रण करायचं, तर १० च्या पाच अँप्युल आणि ४५ मिलिलिटर सलाईन. मुली ‘पाच अँप्युल’ एवढंच पाठ करतात. एखाद्या आठवड्यात स्टोअरमधून १५ ची खोकी आली की त्याच सवयीने पाच फुटतात, सिरिंजमध्ये ५० ऐवजी ७५ मिलिग्रॅम जातं, आणि पंप १ मिलिग्रॅम दिल्याचं दाखवत प्रत्येक वेळी दीड देतो. कुणाला पत्ताही लागत नाही. म्हणून ‘किती अँप्युल’ हा शब्दच वॉर्डातून हद्दपार करा. ‘किती मिलिग्रॅम, किती मिलिलिटरमध्ये’ असंच बोलायचं, लेबलवरही तसंच लिहायचं, आणि वेळ, तारीख, दोन सह्या.

पंपाला सिरिंजमध्ये काय आहे ते दिसत नाही. आपण सांगू ते खरं मानून तो मिलिलिटर ढकलतो. सिरिंजमध्ये मिलिलिटरला ५ मिलिग्रॅम असताना पंपाला १ सांगितलं, तर प्रत्येक डोस पाचपट. उलट केलं तर पाचवा हिस्सा, आणि पेशंट रात्रभर बटण दाबत कळा सोसतो आणि आपण म्हणतो, ‘यांची सहनशक्तीच कमी.’ मुलींना हे गणित खडूने फळ्यावर दोन्ही बाजूंनी करायला लावा. कॅल्क्युलेटर नको. आणि भूलतज्ज्ञांच्या मागे लागून रुग्णालयात मॉर्फीनचं एकच मिश्रण ठरवून घ्या. एका डॉक्टरांचं १, दुसऱ्यांचं २, असं जिथे चालतं तिथे कितीही शिकवलं तरी चूक व्हायची ती होतेच.

दुसरीकडून तपासून घेणं आपल्याकडे कसं चालतं ते मी सांगायला नको. ‘बघ गं, एक मिलिग्रॅम, सहा मिनिटं, बरोबर ना?’ ‘हो हो.’ सही. ही तपासणी झाली का? पहिलीने उत्तर आधीच सांगून टाकलं, दुसरीने मान हलवली. खरी पद्धत अशी: पहिलीने पंप लावून बाजूला व्हायचं. दुसरीने केसपेपर, सिरिंजचं लेबल आणि पंपाचा पडदा स्वतः वाचायचा, मोठ्याने, आणि तासाचा कमाल डोस स्वतः काढायचा. जुळलं तरच पंप सुरू. हे चार वेळा होतं: पंप सुरू करताना, सिरिंज बदलताना, सेटिंग बदलताना आणि ड्युटी बदलताना. चौथं सगळ्यात आधी सुटतं, कारण बस पकडायची असते. हँडओव्हर पेशंटच्या खाटेजवळ उभं राहूनच, हा नियम मात्र तुमच्या हातात आहे.

नळ्यांबद्दल थोडक्यात, पण हात लावून दाखवा. पंप पेशंटच्या छातीच्या पातळीला हवा. सलाईनच्या स्टँडवर उंच टांगलेल्या पंपात सिरिंज नीट बसलेली नसेल किंवा तिला तडा असेल, तर औषध वजनाने आपोआप ओघळून आत जाऊ शकतं. सिरिंज काढायच्या आधी पेशंटकडच्या बाजूचा क्लॅम्प बंद करायचा, अपवाद नाही. पंपाची नळी थ्री-वेने (तीन तोंडांच्या जोडणीने) सलाईनला जोडता तेव्हा सलाईनच्या बाजूला एकदिशा व्हाल्व्ह आहे का, बघा. नसला आणि कॅन्युला (शिरेत बसवलेली बारीक नळी) अडली, तर मॉर्फीन उलटं सलाईनच्या नळीत चढत राहतं. बटण दाबतोय, पडद्यावर डोस गेल्याचं दिसतंय, दुखणं मात्र तसंच. मग कुणीतरी कॅन्युला मोकळी करतं आणि तासाभराचं साठलेलं औषध एकदम आत जातं. बीपीचा पट्टा त्याच हाताला बांधला की हेच छोट्या प्रमाणात दर वेळी होतं. आणि नळी अडल्याचा अलार्म वाजला की पीळ नुसता सोडवू नका. आधी क्लॅम्प लावून, नळी पेशंटपासून सोडवून साठलेला दाब जाऊ द्या, मग जोडा.

तीनपैकी एखादा पंप एपिड्यूरलसाठी, म्हणजे पाठीतून कण्याजवळ औषध सोडायला, वापरायचा विचार असेल, तर त्याचं प्रशिक्षण पूर्ण वेगळं आणि नंतर. पिवळी नळी, पिवळं लेबल, वेगळी जागा. ते औषध चुकून शिरेत गेलं तर हृदय बंद पडू शकतं. या सहा आठवड्यांत ते मिसळू नका.

इथपर्यंतचं सगळं दोन दुपारींत शिकवून होतं. पुढचं शिकवायला वेळ लागतो, कारण ती सवय मोडायची असते.

मी स्वतः नवीन होते तेव्हाची गोष्ट. रुग्णालयाचं नाव नको. पोटाच्या ऑपरेशनची एक बाई, पीसीएवर, नाकाला ऑक्सिजन. रात्री दोनला मी बीपी घेतलं, नाडी घेतली, ऑक्सिजन ९८ होता, आणि चार्टवर श्वास लिहिला १८. मोजला नव्हता. त्या रात्री माझ्या वॉर्डातल्या सगळ्यांचाच श्वास १८ होता, पलीकडच्या वॉर्डात २० असायचा. तुम्ही हसाल, कारण तुमच्याही वॉर्डात तेच आहे. योगायोगाने भूलतज्ज्ञ दुसऱ्या केससाठी आले होते, जाता जाता खाटेशी थांबले. घड्याळ बघत मिनिटभर उभे राहिले आणि मला म्हणाले, ‘सिस्टर, सात.’ बाईंना हाक मारली तर डोळे उघडून ‘हो’ म्हणाल्या आणि ‘हो’ संपायच्या आत पुन्हा झोपल्या. ऑक्सिजन तेव्हाही ९७-९८.

त्या मिनिटात मी जे शिकले ते असं: ऑक्सिजन लावलेल्या पेशंटचा बोटावरचा आकडा शेवटपर्यंत चांगला दिसू शकतो. श्वास मंदावला की कार्बन डायऑक्साइड साठत जातो आणि तो त्या बोटाच्या क्लिपला कळत नाही. तो दाखवणारं कॅप्नोग्राफ वेगळं असतं. अमेरिकेतल्या अॅनेस्थेशिया पेशंट सेफ्टी फाउंडेशनने २०११ मध्ये ऑपरेशननंतर अशी औषधं घेणाऱ्या सगळ्यांवर सतत इलेक्ट्रॉनिक देखरेख असावी असं सुचवलं. तुमच्या ऑपरेशन थिएटरमध्ये कॅप्नोग्राफ असेल, वॉर्डात एक मिळतो का ते जरूर विचारा. मिळेपर्यंत तुमच्या मुलींचे डोळे हेच यंत्र आहे.

आणि त्या डोळ्यांनी आधी काय बघायचं? श्वासाच्याही आधी गुंगी. मॉर्फीन जास्त होताना माणूस बहुतेकदा आधी पेंगायला लागतो, मग श्वास मंदावतो. म्हणजे गुंगी ही आपल्याला मिळणारी आगाऊ सूचना. त्यासाठी पासेरो यांची मोजपट्टी वापरतात. मुलींना आकडे पाठ करायला लावण्याआधी मी ती साध्या बोलीत सांगते. साधी झोप लागलीय, हाक मारली की नीट जागा होतो: ठीक. जागा आहे, ओळखीने बोलतोय: उत्तम. जरा सुस्त आहे पण सहज जागा होतो: चालेल. बोलता बोलता वाक्याच्या मध्येच डोळे मिटतात: थांबा, इथे पंप बंद करून डॉक्टरांना फोन. हलवूनही उठत नाही: धावा. चौथ्या पायरीसाठी एक युक्ती. पेशंटला ‘बरं वाटतंय का?’ विचारू नका, त्याला ‘हो’ म्हणून सुटता येतं. ‘मुलं किती? कुठे असतात? काय करतात?’ असं लांबलचक विचारा. उत्तर अर्ध्यात विरलं की समजा.

श्वास पूर्ण मिनिट मोजायचा, हाक मारण्याआधी. हाक मारली की तो जागा होऊन नीट श्वास घेतो आणि आपण फसतो. मिनिटाला आठच्या खाली गेला की पंप बंद. पहिले काही तास दर तासाला, नंतर भूलतज्ज्ञ ठरवतील तसं, पण पहिल्या २४ तासांत आणि विशेषतः रात्री ढिलाई नको. झोपलेल्या पेशंटला कशाला उठवायचं, असं नातेवाईक म्हणतात. ‘झोप कसली आहे ते बघायला’ असं उत्तर मुलींच्या तोंडी बसवा.

पंप बंद केल्यावर काय, याची रंगीत तालीम करा, तुमच्यातल्याच कुणाला तरी खाटेवर निजवून. हाक, खांदा हलवणं, ‘श्वास घ्या, मोठा’ असं मोठ्याने सांगणं, हनुवटी उचलणं, ऑक्सिजन, अंबू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) हाताशी, फोन. नॅलोक्सोन, म्हणजे मॉर्फीनवरचा उतारा, कुठे आहे? माझ्या अनुभवात दहापैकी आठ वॉर्डांत ‘फार्मसीत असेल’ हे उत्तर येतं. ते पंपाच्या ट्रेमध्येच चिकटवून ठेवा. ४०० मायक्रोग्रॅमची अँप्युल ९ मिलिलिटर सलाईनमध्ये मिसळली की १० मिलिलिटर होतं, प्रत्येक मिलिलिटरला ४० मायक्रोग्रॅम. एक-दोन मिलिलिटर देऊन दोन-तीन मिनिटं थांबायचं, गरज पडली तर पुन्हा. अख्खी अँप्युल एकदम दिली तर गुंगीबरोबर दुखण्यावरचा उतारही झटक्यात जातो. ताज्या टाक्यांचा पेशंट किंचाळत उठतो, बीपी चढतं. आणि नॅलोक्सोन तासाभरात ओसरतं, मॉर्फीन त्याहून जास्त टिकतं. ‘उठल्या, बरं झालं’ म्हणून पुढच्या खाटेकडे गेलात की पाऊण तासाने पुन्हा तीच अवस्था. हे आकडे शिकवण्यापुरते माझे. तुमच्या वॉर्डात भूलतज्ज्ञांची सही असलेला लेखी आदेशच चालेल, आणि त्यात ‘नर्सने पंप थांबवावा, परवानगीची वाट पाहू नये’ हे वाक्य आहे की नाही ते स्वतः वाचून घ्या. नसेल तर ते घालून घेईपर्यंत एकही पंप लावू नका. सगळं शिकलेली मुलगी रात्री अडीचला डॉक्टर ओरडतील म्हणून थांबते, तेव्हा तिचं शिक्षण काही कामाचं नसतं.

त्याच केसपेपरवर दुसरं काय लिहिलंय तेही बघायला शिकवा. सर्जनची जुनी ऑर्डर, ‘दुखल्यास ट्रॅमाडॉल’. झोप येत नाही म्हणून रात्रीची अल्प्राझोलामची गोळी. खाज सुटली, उलटी झाली म्हणून प्रोमेथाझिन. प्रत्येक गोष्ट स्वतंत्रपणे बरोबर आणि मॉर्फीनच्या जोडीला गुंगी वाढवणारी. पीसीए चालू असताना अशी औषधं फक्त भूलतज्ज्ञांना विचारून.

पंपाच्या पडद्यावर दोन आकडे असतात, पेशंटने किती वेळा दाबलं आणि किती वेळा औषध मिळालं. बहुतेक जणी ते बघतच नाहीत. दाबलं ४०, मिळालं १२, असं दिसलं तर खाटेशी जाऊन बसा. डोस पुरत नसेल, नळी अडली असेल, बाईंना बटण म्हणजे सिस्टरला बोलवायची घंटा वाटत असेल. किंवा तुमच्याकडच्यासारखा मुलगा असेल. दाबलं २, मिळालं २, आणि कपाळावर आठ्या, असंही दिसेल. आपल्याकडच्या बायका कळ काढतात. ‘सवय लागेल’, ‘बिल वाढेल’, ‘उगीच कशाला’. बिलाचं मला एका आजींनी हळूच कानात विचारलं होतं, प्रत्येक दाबण्याचे किती रुपये.

म्हणून पेशंटला बटण ऑपरेशनच्या आदल्या दिवशी हातात द्यायचं, शुद्धीत असताना. ‘दुखायला लागलं की दाबा, असह्य व्हायची वाट बघू नका. खोकायच्या, उठून बसायच्या पाच-दहा मिनिटं आधी दाबा. लगेच पुन्हा दाबलंत तर काही होणार नाही, घाबरू नका. पैसे दाबण्यावर नाहीत.’ आणि मग त्यांनाच उलटं विचारा, ‘काय कराल, सांगा बघू.’ जिला हे सांगता येत नाही, जिचा हात संधिवाताने वळत नाही, जी ऑपरेशननंतर बरळते आहे, तिच्यासाठी हा पंप नाही. तिला दुसरं काही द्या. नातेवाइकांना त्याच बैठकीत सांगायचं, आणि नुसतं ‘दाबू नका’ म्हणून भागत नाही. त्यांना काहीतरी करायला द्यावं लागतं, नाहीतर हात शिवशिवतात. ‘आई कण्हली तर घंटा वाजवा, आम्ही येऊ. आई बोलता बोलता झोपायला लागली तर धावत या.’ एवढं काम दिलं की तोच मुलगा तुमचा पहारेकरी होतो. बटणावर मराठी चिठ्ठी लावा, ‘फक्त पेशंटनेच दाबावे’. वॉर्डात हिंदी, कन्नड बोलणारे येत असतील तर त्यांच्या भाषेतही.

बावीस जणींना एकदम शिकवायचा घाट घालू नका. खाजगी रुग्णालयातल्या मुली टिकत नाहीत हे तुम्हाला माहीतच आहे. कुणी सरकारी भरतीत जाते, कुणी गल्फला, कुणी लग्नाने. आठ जणी निवडा, प्रत्येक ड्युटीला एक तरी येईल अशा. या काळात पीसीएचा पेशंट फक्त नर्सिंग स्टेशनसमोरच्या दोन खाटांवर, आणि ती शिकलेली मुलगी ड्युटीवर नसेल त्या रात्री पंप लावायचा नाही. भूलतज्ज्ञांना हे पटेल, सर्जनला वेळ लागेल. तिसरा पंप कपाटात राहू द्या आणि त्याच्यावर सराव करा. सिरिंजमध्ये सलाईन भरा, मुद्दाम चुका पेरा: लेबल १० चं आणि पंपावर १ चं, सतत दर चालू, क्लॅम्प उघडा, मर्यादेत एक शून्य जास्त. दोन-दोन जणींना पाठवा आणि शोधायला लावा. लेखी परीक्षा घेऊ नका, त्यात सगळ्या पास होतात. प्रत्येकीने खऱ्या पेशंटवर तीन वेळा तुमच्यासमोर पंप लावला की दुसऱ्या रकान्यात तुमची सही. सहा महिन्यांनी पुन्हा एकदा, कारण ज्या वॉर्डात महिन्याला दोनच पीसीए लागतात तिथे हात विसरतात.

कायद्याचं वेगळं शिकवायला नको, पण कुलपाचं शिकवा. मॉर्फीन १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या, कायद्याखाली येतं. २०१४ च्या दुरुस्तीनंतर मान्यताप्राप्त संस्थांना ते ठेवणं सोपं झालं, तरी रोजची नोंद सुटलेली नाही. सिरिंजमध्ये उरलेलं किती टाकलं, कोणासमोर टाकलं, दोन सह्या, रिकाम्या अँप्युल परत. पंपाची किल्ली पंपाला लटकवून ठेवू नका.

त्या रात्री ड्युटीवर कोण होती ते तुम्ही लिहिलं नाहीत. मुलगा बटण दाबतोय हे तिनेच पाहून तुम्हाला सांगितलं असेल, तर तिला पहिल्या आठ जणींत घ्या आणि पहिल्या दिवशी ती गोष्ट तिलाच सांगू द्या. तिने पाहिलं आणि कुणाला सांगितलं नाही, तुम्हाला दुसरीकडून कळलं, असं असेल तरी तिला घ्या. फक्त आधी एकटीला चहाला बोलवा आणि का सांगावंसं वाटलं नाही ते विचारा.